सत्तेचाळीस वेळा होय

“माझं नाव टाका,” म्हणत संचालकांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

तिनं टाकलं. एकसष्ट शोधनिबंध, नऊ प्रकल्प, चार पेटंट एकाखाली एक उतरले. समितीतल्या कुणीतरी टाळी वाजवली. बावीस विभागांच्या कपाटांतून आणि प्राध्यापकांच्या पेनड्राइव्हांतून तिनं दोन वर्षं गोळा केलेलं विद्यापीठाचं सगळं संशोधन आज पहिल्यांदा एका जागी नांदत होतं.

“झकास! आणि ही उजवीकडची चौकट?”

“सहाय्य.” तिनं त्यावर खूण केली. “निबंधाच्या शेवटी ज्यांचे आभार मानलेत, त्यांची नोंद.”

सत्तेचाळीस निबंधांसमोर एकच नाव उमटलं. हुद्दा : काच कारागीर, रसायनशास्त्र प्रयोगशाळा.

“अहो, आभार आम्ही रीत म्हणून मानतो. उद्या चहावाल्याचंही नाव टाकाल. ही चौकट काढा, लगेच मंजुरी देतो.”

तिनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“चहावाल्यानं तुझ्या प्रयोगाच्या काचनळ्या फुंकल्या नव्हत्या,” मागून निवृत्त प्राध्यापिका म्हणाल्या. संचालकांना अरे-तुरे करणाऱ्या त्या एकट्याच; एके काळी ते त्यांचेच विद्यार्थी. “तू फोडायचास, आणि नवी मागायला मला पुढे करायचास.”

हशा पिकला. संचालकही हसले, कान मात्र लाल झाले.

“बरं बाई, राहू दे चौकट. पण नावापुढे ‘खात्री बाकी’ असं का येतंय?”

“ज्याचं काम, त्यानं स्वतः होय म्हणायचं, असा नियम ठेवलाय,” ती म्हणाली. “ते आता नाहीत. पाच महिने झाले. अशा वेळी मुख्य लेखकानं म्हटलं तरी चालतं.”

“मग सगळे एकदम निवडायचं बटण कुठंय?”

“ठेवलं नाही, सर. लोक न वाचताच होय म्हणून मोकळे होतात.”

“खाष्ट आहे तुमचं सॉफ्टवेअर!”

त्यांनी माउस घेतला. पहिले आठ होय पटापट झाले. नवव्यापाशी बोट थांबलं.

“ही दुहेरी भिंतीची नळी. तीनदा तडकली, बाई, आठवतं? सोमवारी परीक्षक यायचे होते. हा रविवारी येऊन बसला. म्हटलं, घरी कुणी वाट बघत नाही का? म्हणाला, लेक बघतेय ना, नवे बूट घालून बसली असेल. पण काच पुरती निवेपर्यंत हलता येत नाही.”

तिनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले. लहानपणीचे ते बूट तांबडे होते. त्या रात्री झोपेपर्यंत तिनं ते काढले नव्हते, आणि त्या रविवारचं कारण नंतर कधी विचारलंही नव्हतं.

संचालक आता प्रत्येक निबंध उघडून वाचत होते. चहा आला, गार झाला. सत्तेचाळिसाव्या होयला सगळी ओळ हिरवी झाली. त्यांनी ते नाव आडनावासकट पुन्हा वाचलं. मग त्यांची नजर तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली आणि मधल्या नावावर थबकली. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि उभं राहून मंजुरीच्या कागदावर सही केली.

टाळ्या थांबल्यावर प्रोजेक्टरची वायर धरून उभा असलेला यंत्रशाळेतला म्हातारा मेकॅनिक पुढे आला.

“ताई, माझं पण असेल का हो कुठं?”

तिनं माउस जवळ घेतला.

“नाव सांगा, काका,” ती म्हणाली. “वडिलांच्या नावासकट.”