आम्लाच्या तीन व्याख्या

"थांबलीस का? तिसरी व्याख्या राहिली," खाटेवरून घड्याळवाले म्हणाले.

रसायनाच्या बाई उद्याचा तास मोठ्यानं म्हणून बघत होत्या. सत्तावीस वर्षं शिकवलेला धडा, पण आज सकाळी डॉक्टरांनी घड्याळवाल्या नवऱ्याच्या डोळ्यांवरची पट्टी सोडून 'आता दुसऱ्याही डोळ्याची आशा धरू नका' म्हटलं, तेव्हापासून त्या मधेच अडत होत्या. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं बसवणारा हा माणूस. त्याचे डोळे गेले म्हणजे मागे काय उरलं?

"पहिली म्हणते, पाण्यात हायड्रोजन आयन सोडतं ते आम्ल. दुसरी म्हणते, पाणी असो-नसो, प्रोटॉन देतं ते आम्ल, घेतं ते आम्लारी. तिसरी म्हणते, इलेक्ट्रॉनची जोडी घेतं ते आम्ल."

"पहिल्या दोघींचं आम्ल देणारं, तिसरीचं घेणारं. यांच्यापेक्षा सासू-सुनेचं बरं जमतं म्हणायचं," ते हसले.

बाईंना हसू येईना. महिन्यापूर्वी बेसिन तुंबलं म्हणून घड्याळवाल्यांनी कॉस्टिक सोडा ओतला आणि तो उसळून डोळ्यांत गेला. आम्लारीवर उतारा आम्ल, हे बाईंच्या हाडीमाशी खिळलेलं. धावत जाऊन व्हिनेगर शोधलं. जास्त कडक नको म्हणून मापानं पाणी घातलं, वर ढवळलंसुद्धा, आणि मगच त्यांच्या डोळ्यांवर ओतलं. आधी डोळे नळाखाली धरायचे, हे नववीतलं पोरही सांगेल. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते खोटं नाही. डॉक्टरांना मात्र 'लगेच धुतले' सांगून बाई मोकळ्या झाल्या होत्या. 'बाई घरात होत्या म्हणून निभावलं,' असं शेजारी म्हणाले, तेही त्यांनी ऐकून घेतलं.

"आणि पाणी गं? ते आम्ल की आम्लारी?"

"दोन्ही. समोर आम्ल आलं की घेतं, आम्लारी आलं की देतं."

"म्हणजे त्या दिवशी नुसतं पाणीही चाललं असतं."

बाई त्यांचं पांघरूण सारखं करू लागल्या.

"नळ चालूच होता," ते हळूच म्हणाले. "मला आवाज येत होता. पण म्हटलं, यातलं तुला जास्त कळतं. तू थांब म्हणालीस, थांबलो."

चिडले असते, चार शिव्या घातल्या असत्या, तर बाईंना सोसलं असतं.

"अहो..."

"असू दे. तिसरी पुन्हा सांग. मघाशी घाईत म्हणालीस." त्यांनी उशाजवळचं घड्याळ चाचपून कानाशी धरलं आणि किल्ली देत बसले.

बाईंनी वही उघडली. अक्षर दिसेना, म्हणून पाठ होतं तसंच म्हणू लागल्या.