येतो म्हणून गेला

ताईचा राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असे, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दिवसभर आपल्या इस्त्रीच्या दुकानात वाफेत उभ्या राहणाऱ्या बाईचं डोकं थंड राहावं अशी अपेक्षाही कुणी करत नव्हतं. तोंडाने जाळ काढायची आणि घटकाभरात आपली आपणच विझायची. गिऱ्हाइकं हसून सोडून द्यायची. तिचा धाकटा भाऊ मात्र कधी हसला नाही. ताई बोलली ते खरं, असं तो लहानपणापासून धरून चालला होता. आई गेल्यावर तर त्याला दुसरं कुणी उरलंच नव्हतं.

धाकटा वाईट नव्हता, नुसता मवाळ होता. मित्र म्हणाला गाडी चालव, याने चालवली. मागे चोरीचा माल भरलाय हे याला कळलं तेव्हा पोलीस पुढ्यात उभे होते. कोर्टाने शिक्षा सुनावली, पण पहिलाच गुन्हा म्हणून तुरुंगात न धाडता देखरेखीवर सोडलं. रात्री ताईच्या घरीच राहायचं, त्या मित्राच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, आठवड्याला हजेरी द्यायची. अट मोडली तर टळलेली शिक्षा भोगायची. ताई हमीदार राहिली. "माझ्या घरी राहील, मी बघते त्याच्याकडे," असं तिने भर कोर्टात छातीठोकपणे सांगितलं. हजेरी घेणाऱ्या देखरेख अधिकारी बाईंना धाकट्याने हजेरीबाई असं नाव ठेवलं होतं आणि घरात तेच चालायचं.

बरेच महिने सरळ गेले. धाकटा इस्त्री शिकला, कॉलर तर ताईपेक्षा छान बसवायला लागला. मग एक दिवस कुणाशी तरी बोलण्याच्या नादात त्याने इस्त्री एका वकिलाच्या काळ्या कोटावर तशीच ठेवली. कोटाच्या पाठीवर इस्त्रीची आकृती उमटली, टोकासकट.

"डोकं कुठे गहाण टाकलंयस रे?" ताई कडाडली. "एक काम धड येत नाही! तुझ्यापायी लोकांपुढे मान खाली घालायची का मी?"

"रफूवाल्याकडे नेतो ना ताई." त्याने कोट काखेत मारला आणि दारात थांबला. "येतो."

येतो म्हटलं की ये म्हणायचं, ही आईने दोघांना लावलेली सवय. जाणाऱ्याने ते ऐकल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. भांडण असो, घाई असो, त्यात खंड पडला नव्हता.

"येऊ नकोस," ताई म्हणाली. "तोंड दाखवू नकोस मला परत."

तो दारातच उभा राहिला. ताईला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. तिने पुढच्या शर्टावर पाणी शिंपडलं आणि मान वर केली नाही. मग पाहिलं तर दार रिकामं होतं.

दिवे लागेपर्यंत राग कुठल्या कुठे गेला होता. तिने त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं. दार वाजलं तेव्हा ती धावतच गेली. दारात हजेरीबाई. न सांगता भेट द्यायची त्यांची पद्धतच होती.

"धाकटा कुठे आहे?"

ताईने झाकलेल्या ताटाकडे पाहिलं. मीच हाकलला म्हणावं, तर हमी घेतलेल्या बाईनेच दार बंद केलं असं व्हायचं. आणि पोरगा तर काय, आत्ता येईल.

"येतो म्हणून गेलाय," ती म्हणाली. "येईलच एवढ्यात."

हजेरीबाई बराच वेळ बसल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या. धाकटा आला नाही. ताईच्या घराखेरीज त्याला जगात एकच दार माहीत होतं, त्या मित्राचं. सकाळी तो रफू केलेला कोट घेऊन आला आणि दुकानाबाहेरच उभा राहिला. ये म्हटल्याशिवाय आत कसा येणार? पुन्हा आलेल्या हजेरीबाईंनी त्याला तिथेच गाठलं. रात्री कुठे होतास विचारलं, त्याने खरं ते सांगितलं.

कोर्ट म्हटलं की लोकांना मोठमोठी भाषणं आठवतात. असली प्रकरणं एक शर्ट इस्त्री होईस्तोवर निकालात निघतात. चोरीचा विषयच निघत नाही. अट मोडली का, आणि मोडली तर का, एवढंच. "कारण पटलं तर साहेब समज देऊन सोडतील," कोर्टाने दिलेल्या वकिलाने ताईला बजावलं होतं. "नाही पटलं, तर आत." ताई रात्रभर खरं बोलायची तयारी करून आली होती.

न्यायाधीशांनी हजेरीबाईंचा अहवाल वाचला. "तुमचा भाऊ येतो म्हणून गेला, आणि आला नाही."

"साहेब, मीच म्हटलं त्याला, येऊ नकोस म्हणून. मी हाकलला."

"मग बाईंना काय सांगितलंत?"

"येतो म्हणून गेलाय."

"यातलं खरं कोणतं?"

"दोन्ही, साहेब."

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. भावासाठी, मुलासाठी सारवासारव करणाऱ्या बाया ते रोज बघत होते, आणि त्यांचा त्या बायांवर रागही नव्हता. ते धाकट्याकडे वळले. "बहिणीने घराबाहेर काढलं होतं तुला?"

धाकट्याने ताईकडे पाहिलं. तिने मान हलवली, हो म्हण रे, हो म्हण. पण तो तिचाच भाऊ. हो म्हटलं तर खापर ताईवर फुटेल, एवढंच त्याच्या मवाळ डोक्यात शिरलं.

"नाही साहेब. माझी ताई असं कधी बोलायची नाही."

"अरे गाढवा!" ताई ओरडली. शिपायाने तिला गप्प केलं.

झालं. देखरेख रद्द, आधीची शिक्षा कायम. पुढच्याचं नाव पुकारलं गेलं.

बाहेरच्या बोळात हवालदाराने त्याला क्षणभर थांबू दिलं. ताईला खूप बोलायचं होतं, खोटं का बोललास, मूर्खा, माझ्यासाठी कशाला. धाकटा पायांकडे बघत होता. मग सवयीनेच म्हणाला,

"येतो, ताई."

आणि थांबला. हवालदार दंडाला धरून ओढत होता तरी पाऊल उचलेना. दुकानाच्या दारात थांबला होता तस्साच.

"ये," ताई म्हणाली. "ये रे बाळा, ये."

तेव्हा कुठे तो वळला आणि मुकाट्याने चालायला लागला. ताई भिंतीला टेकून मटकन खाली बसली. त्या दिवशी एवढंच तर म्हणायचं होतं.