जीपच्या पुढे धावणारी सावली

मित्रांनो, मी एक जुनी निळी ताडपत्री आहे. आता शहापूर तालुक्यातल्या एका गोठ्यात पेंढ्यावर पडून असते. अंगावर ठिगळं आहेत, पण लाज वाटते ती त्यांची नाही.

मला रोजगार हमीच्या कामासाठी विकत घेतलं होतं. सरकारचा नियमच होता, बाया माती उपसतील तेव्हा त्यांच्या लेकरांना सावली हवी. मी मनातून फुलले. पण किन्हवलीजवळ तळ्याचं खोदकाम सुरू झालं आणि मुकादम साईनाथने मला घडी करून खोलीत कोंडलं. लेकरं उन्हात, सावली अंधारात!

मग एका वैशाखात, योजना नीट चालते का हे तपासायला ठाण्याहून बाई येणार होत्या. त्या सकाळी मला बांबूंवर ताणलं. तान्ह्या बाळाची आई मालू धावतच आली. माझ्याच दोरीला तिने लुगड्याची लाल झोळी बांधली आणि गुणगुणली,

‘सावली आली माळा, नीज माझ्या बाळा.’

पहिल्यांदाच मी कुणाच्या कामी आले होते.

बाईंनी पाहिलं, मान डोलावली. जीप पुढच्या कामाकडे वळली, तसा साईनाथ धावला.

“मालू, पोराला उचल गो. कापड तिकडं न्यायचंय.”

“आताच निजलाय, दादा. झोळी नाय सोडायची.”

“मग तिकडं बाईंना काय तुझा पदर दाखवू?”

त्याने बाळ तिच्या हातात दिलं, झोळीसकट मला गुंडाळलं आणि मोटारसायकलवरून आडवाटेने नेलं. मागून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. मी नुसती फडफडले.

रस्त्याने फिरून जीप पोचली, तेव्हा मी तिथे ताणलेली होते. बाई थबकल्या. दोरीला लाल झोळी लोंबत होती.

“ही कुणाची?”

तिथे माती उपसणारी म्हातारी लखमा हसली. “आमची नाय, बाई. आत्ताच आली ती, सावलीसंगं.”

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मला जीपमध्ये घालून मागे नेलं. मालू बाळाला पाठीशी बांधून घमेली वाहत होती. बाळाचं तोंड उन्हाने लालबुंद झालं होतं.

मला पुन्हा ताणलं. बाई हळूच म्हणाल्या, “बांध ना झोळी.”

“आता बांधीन. नि तुमी गेल्यावर?”

मालूने दोरीवरून झोळी सोडवली, खांद्यावर टाकली आणि निघून गेली.

पुढे पाऊस लागेपर्यंत मला तिथून कुणी हलवलं नाही. तरी मालू बाळाला करवंदीच्या जाळीखालीच निजवत राहिली.

मित्रांनो, मोठेपणी तुम्ही असं काम तपासायला गेलात, तर ताणलेलं कापड पाहून परतू नका. थोडं पुढे जा आणि गाडी मागे वळवा. तेव्हाही बाळ सावलीतच निजलेलं दिसलं, तरच मान डोलवा.