बाटलीतला दोष

"जय महाकाल!" मांडव दणाणला आणि बाटलीतलं पाणी निळं झालं.

आत्ता, आमच्या डोळ्यांदेखत! काचेसारखं नितळ पाणी रांगेतल्या एका बाईनं हातात घेतलं, हलवलं, आणि त्यात मोरपिसासारखा निळा रंग उतरला. बायका रडायला लागल्या. माझ्या शेजारचा पानवाला म्हणाला, "देखा भाईसाब? जहर उतर रहा है!"

उज्जैनचा सिंहस्थ आटोपून वर्ष झालं होतं. साधू आपापल्या वाटेनं गेले, हे एक महाराज मात्र राम घाटाच्या पायऱ्यांखाली वाळूत मांडव घालून राहिले. नाव नीलधारी बाबा. पुढ्यात सलाईनच्या जुन्या, पाणी भरलेल्या बाटल्यांची रांग, रबरी बुचं घट्ट बसवलेली. ज्यानं त्यानं 'शिप्राजल' हातात धरायचं आणि महाकालाचं नाव घेत हलवायचं. दोषी असेल तर निळं, निर्दोष असेल तर जसंच्या तसं. निळी बाटली पिंडीपाशी ठेवली की बाबा मंत्र पुटपुटायचे, आणि बघता बघता पाणी पुन्हा नितळ! म्हणे नीलकंठानं विष पिऊन टाकलं.

मी श्रद्धाळू माणूस. आमच्या मराठी मंडळींच्या राममंदिरात कीर्तन असलं की सतरंजी घालायला पहिला मी. पण कीर्तनकार उभा राहतो तो आधी स्वतः वाकतो, मग आपल्याला चार गोष्टी सांगतो. हे बाबा बसल्यापासून समोरच्याकडे बोट दाखवत होते.

"बिटिया को दो," बाबा म्हणाले.

सायलीनं, माझ्या भाचीनं, बाटली हलवली. सतरा वर्षांची पोर, पण तेवढ्यानंही तिचे दंड थरथरत होते. पाणी नितळच राहिलं.

"निर्दोष! अब माई, तू."

माझ्या बहिणीनं, कल्पनानं, दुसरी बाटली घेतली. एकच हिसका दिला, आणि गर्द निळी!

"महाकाल की नगरी में झूठ नहीं चलता, माई! दोष माँ का है, भोग रही है बेटी. पेट में थी तब ग्रहण देखा था? कुछ काटा था?"

कल्पना मटकन खाली बसली. सायलीच्या वेळी ते मोठं सूर्यग्रहण झालं होतं. गाव दारं लावून बसलं होतं, आणि ही भूक आवरेना म्हणून वांगी चिरत होती. गेली काही वर्षं पोरीच्या पायातलं बळ जसजसं गेलं, तसतशी ती वांगी हिच्या डोळ्यांपुढे नाचत होती. मी कितीदा म्हटलं, "अगं, तेव्हा उज्जैनमधे शंभर गरोदर बायका असतील, कोणी ना कोणी भाजी चिरलीच असेल!" पण अपराधीपणाला हिशेब पटत नाही.

बाबांनी हुकूम सोडला: माँ-बेटी दोघींनी उद्या संध्याकाळपर्यंत अन्न घ्यायचं नाही, फक्त पाणी.

"कल्पे, डॉक्टरांनी काय सांगितलंय? पोरीला उपाशी ठेवायचं नाही," मी वाटेत म्हटलं.

"माहितीये रे दादा. उपास मी करीन. तिला खाऊ घालीन, बस?"

माझ्या बहिणीनं आयुष्यात मला खोटं सांगितल्याचं आठवत नाही. मी विश्वास ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझी मुलगी मधुरा इंदौरहून बसनं आली. ती तिथल्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. मी तिला बाटलीची हकीकत सांगितली. वाटलं, हसेल. ती पांढरी पडली.

"तात्या, बाबा काय म्हणाले? नेमका शब्द सांगा."

"म्हणाले, दोष माँ का है."

तिनं कपाळाला हात लावला. "हा शब्द त्यांचा नाहीये. माझाय."

महिन्यापूर्वी मुंबईच्या डॉक्टरांनी सायलीच्या मांडीतला स्नायूचा कण काढून तपासला होता. काय निघालं ते कल्पनाला समजावून सांगायचं काम मधुराकडे आलं. माणसाच्या प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया नावाचे बारीक कण असतात. तिनं त्यांना चुली म्हटलं. अन्न आणि हवा घेऊन त्या शरीराला लागणारी शक्ती रांधतात. सायलीच्या स्नायूंतल्या चुली मंद जळतात. इथवर ठीक. पुढे माझी पोरगी म्हणाली, "आत्या, हा दोष आईकडून आलाय. या चुली फक्त आईकडूनच येतात."

"तात्या, मला म्हणायचं होतं बिघाड. तिनं ऐकलं पाप. त्याच आठवड्यात मांडवात जाऊन तिनं तोच शब्द बाबांना सांगितला असणार. मीच पाठवली तिला."

मग एकाएकी ती थांबली. "बाटली हलवली की निळी? आणि ठेवली की नितळ?"

"हो."

"अहो, ते तर माझं रोजचं काम आहे!"

मधुरा खाटकाकडून बोकडाच्या मांडीचं ताजं मांस बर्फात घालून नेते. आमच्या शाकाहारी घरात हे प्रथम कळलं तेव्हा मी तिचा जेवणाचा डबा चिमटीत धरून घासायला टाकला होता. ते मांस थंडच ठेवून बारीक करायचं, घोटायचं, यंत्रात गरगर फिरवायचं. वेगवेगळ्या वेगानं फिरवलं की शेवटी तळाशी तपकिरी साका बसतो, त्याच त्या चुली. त्यांना नळीत घालून खाणं द्यायचं आणि वर एक निळं औषध टाकायचं. चुली पेटल्या असतील तर निळा रंग नाहीसा होतो. किती लवकर जातो, त्यावरून जोर कळतो. अट एकच. नळीतली हवा आधी काढून टाकायची. हवा लागली की रंग परत येतो.

"सर आमच्यावर ओरडतात, नळी हलवू नका! आणि तुमचा बाबा म्हणतो, हिलाओ! तात्या, सायली कुठंय?"

"आत्याबरोबर. मांडवात."

"जेवलीय?"

तिनं विचारलं आणि मला कल्पनाचं कालचं 'तिला खाऊ घालीन, बस?' आठवलं. स्कूटरनं आम्ही आमच्या माधव नगरातून घाट कसा गाठला, देव जाणे.

मांडव भरला होता. सायली पुढे उभी, ओठ कोरडे, हातात गळ्यापर्यंत भरलेली बाटली. तिनं ती हलवायला उचलली, आणि गुडघे मोडून खालीच बसली. बाटली मधुरानं अलगद झेलली.

"आत्या, ही जेवली कधी?"

कल्पनानं पोरीला छातीशी धरलं. "काल... दुपारी. मधू, मला वाटलं, एक दिवस... माझं पाप फिटेल गं."

मधुरानं पर्समधून ग्लुकोजचा पुडा काढला, पाण्यात कालवून घोट घोट सायलीच्या तोंडात घातला. बाबा गरजले, "उपवास तोड़ दिया! अब दोष दुगना!"

"बाबाजी," मधुरा म्हणाली, "ये बोतल नीली क्यों नहीं होती?" तिनं गच्च भरलेली बाटली जोरात हलवली. नितळ! "क्योंकि इसमें हवा के लिए जगह ही नहीं है." तिनं बूच उपटलं, अर्धं पाणी वाळूत ओतलं, बूच लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली. "तात्या, हलवा."

मी हलवली. गर्द निळी!

"अरे बाप रे," पानवाला म्हणाला, "भाईसाब भी पापी निकले!"

"वांगी मी पण चिरलीयत," मी म्हटलं. मांडवात पहिल्यांदा कोणी हसलं.

मधुरानं बाटली वाळूत ठेवली. "अब कोई मंत्र मत बोलो. बाबाजी, आप भी नहीं." सगळे माना लांब करून बघत राहिले. जवळ पिंड नाही, भस्म नाही. निळा रंग फिका झाला आणि गेला. तिनं हलवली, आला. ठेवली, गेला. "कॉस्टिक सोडा, ग्लुकोज, आणि माशांच्या टाकीत टाकतात ते निळं औषध, बस. ग्लुकोज रंग पुसतो, हवा परत आणते. ज्याला पापी ठरवायचं त्याची बाटली अर्धी भरायची, ज्याला सोडायचं त्याची गच्च."

तेव्हा मला उमगलं. तीर्थ म्हणवणारं हे पाणी बाबांनी कधी कुणाच्या हातावर घातलं नव्हतं. कसं घालणार? कॉस्टिक सोड्यानं कातडी सोलून निघाली असती! देवाच्या नावानं भोळं झालेल्या माझ्या डोळ्यांना एवढी साधी गोष्ट दिसू नये?

मी बाबांना म्हटलं, "महाराज, लीजिए, आचमन कीजिए." बाटली पुढे केली. त्यांनी हात मागे घेतले. मांडवाला तेवढं पुरलं. लोक उठून जायला लागले.

कल्पना मात्र उठेना. सायलीचं डोकं मांडीवर घेऊन ती म्हणाली, "बाटली खोटी असेल, मधू. पण तू खोटं नाही बोलत. आईकडूनच आलं म्हणालीस ना?"

मधुराचे डोळे भरले. "आत्या, मी चुकीचा शब्द वापरला. परत घेते. तुझ्याकडून आलं, पण तू केलं नाहीस. तुला तुझ्या आईकडून आलं."

आमची आई! राम घाटाच्या पायऱ्या चढताना ती दर वेळी मधेच टेकायची. आम्ही तिला आळशी म्हणायचो. आणि टेकल्या टेकल्या ती काय गोड गायची! कीर्तनाची गोडी मला तिनंच लावली.

"म्हणजे माझ्यातही असेल?" मी विचारलं.

"असेल, तात्या. थोडं. जिन्यावर तुम्ही थांबता ना, पेपर वाचायच्या निमित्तानं?"

मी बहिणीशेजारी वाळूत बसलो. "कल्पे, आई पापी होती?"

"काहीतरीच काय बोलतोस दादा!"

"मग तू तरी कशी होशील? पूर्वी शेजारच्या चुलीतून विस्तव मागून आणायचे. आईच्या चुलीतला विस्तव आपल्या वाट्याला आला. मंद का होईना, त्याच्यावर आपण दोघं वाढलो, ही पोर वाढतेय. आता तो विझू द्यायचा नाही, एवढंच."

"मामा," सायली डोळे न उघडता म्हणाली, "भाषण झालं असेल तर पोहे मिळतील का?"

कल्पना हसली आणि हुंदका देऊन रडली. बऱ्याच वर्षांचं रडणं होतं ते. मग तिनं पोरीला उठवलं, आणि आम्ही पायऱ्यांवर जागोजागी टेकत वर आलो.

माझ्यासारख्या भाविकांना हात जोडून सांगणं आहे. देवावर प्रेम करा, कीर्तनात रमा. पण आजारी लेकराच्या आईला कोणी 'दोष' म्हणालं, तर आधी विचारा, कसला? कुठं दिसला? पुन्हा करून दाखवाल का? आणि ते उत्तर मिळेपर्यंत पोराला जेवू घाला.