प्लॅनबरोबर मोफत आलेली बाटली

मला जुनी बाटली म्हटलंत तरी चालेल मित्रांनो, मी रागावणार नाही. जुनी तर मी आहेच. झाकणाला भोकं पाडलेली, अंगावरचं चित्र अर्धं उडालेलं, अशी मी तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाल्कनीत कुंड्यांच्या मध्ये उभी असते आणि रोज सकाळी झाडांना पाणी घालते. काम हलकं आहे. झाडं कुरकुर करत नाहीत. तरीही घरात पाहुणे आले की मला कुंडीच्या मागे लपावंसं वाटतं. का वाटतं, ते आज सांगते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून साच्यात हवा भरली की आम्ही पटापट बाहेर पडायचो. आम्हा सगळ्यांच्या पोटावर एक हसणारा पाणघोडा छापला आणि त्याच्याखाली लिहिलं, 'प्या, भरा, परत प्या!' बुडाला एक बारीक चकती चिकटवली. त्या चकतीमुळे मी साधी बाटली राहिले नाही. आम्हाला खोक्यात भरताना तिथल्या बायका म्हणायच्या, "मजा आहे बाई यांची, जन्मभर सहलीला!" ते ऐकून मी अगदी फुगून गेले होते.

खोकं उघडलं ते एका भल्यामोठ्या थीम पार्कच्या खिडकीपाशी. आत आकाशाला टेकणारे पाळणे, पाण्याच्या घसरगुंड्या, राहायला हॉटेल. बाहेरचं खाणं-पिणं आत न्यायला बंदी. त्यामुळे आत जाण्याआधी प्रत्येकाला पोटाचा विचार करावा लागायचा. दोन रस्ते होते. एक, जेवणाचा प्लॅन. आधीच सगळे पैसे भरायचे, मनगटाला निळा पट्टा बांधायचा आणि नाश्त्यापासून रात्रीच्या जेवणापर्यंत मागाल ते खायचं. दुसरा, सवलतीचं कार्ड. ते स्वस्त. खाल तेवढ्याचेच पैसे द्यायचे, पण थोडे कमी. प्लॅन घेणाऱ्या कुटुंबाला मी मोफत मिळायचे, आणि माझ्यात दिवसभर हवं तेवढं सरबत भरून घेता यायचं. खिडकीतल्या बाईने मला उंच धरलं की रांगेतली मुलं टाचा उंचावून बघायची. तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटायचा.

एका सकाळी दोन सख्ख्या बहिणी आपापली कुटुंबं घेऊन खिडकीशी आल्या. थोरलीचा नवरा फरश्यांचा व्यापारी, मुलगा कॉलेजात जाणारा. धाकटी शाळेचे गणवेश शिवायची, तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्यांना एकच मुलगी, तिसरीतली. ही मुलगी आपल्या आईपाशी नव्हतीच. ती मावशीच्या काखेत डोकं घालून उभी होती आणि तिथूनच अखंड बोलत होती. गणवेशांच्या हंगामात आईला मान वर करायला फुरसत नसायची, म्हणून ती लहानपणापासून निम्मी मावशीकडेच वाढलेली. मावशी तिला 'भोंगा' म्हणायची.

"भोंग्या, जरा श्वास घे," मावशी म्हणाली.

"घेतला. आता बोलू?"

फरशीवाल्यांनी पाकीट काढलं. "मी म्हणतो प्लॅनच घ्यावा. एकदा पैसे टाकले की दोन दिवस डोक्याला ताप नाही."

"पण दादा, माणूस खाऊन खाऊन खाणार किती?" लिफ्टवाला म्हणाला. "आमची ही तर चार घास खाऊन उठते. आम्हाला कार्डच परवडेल."

"मी काढतो ना तुमचाही प्लॅन."

"छे छे, आमचं आम्ही बघतो."

आता मित्रांनो, एकदा विचारलेलं काही कुणी विचारण्यात धरत नाही. समोरच्याने नको म्हणायचं, आपण पुन्हा म्हणायचं, त्याने ओशाळून हसायचं, आपण त्याचा हात दाबायचा, असं सगळं झालं की ते विचारणं. फरशीवाल्यांनी एकदाच विचारलं आणि पाकिटातून आपल्या तिघांचेच पैसे मोजले. धाकटीने हळूच थोरल्या बहिणीकडे पाहिलं. थोरली बॅगेची चेन लावत बसली. ती चेन आधीच लागलेली होती, हे मला खिडकीतून दिसत होतं.

तर अशी मी मावशीच्या घरची झाले.

पहिला दिवस माझ्या आयुष्यातला सगळ्यात कौतुकाचा दिवस. फरशीवाले तर माझ्या मागेच लागले. "भरा, भरा! पैसे वसूल झाले पाहिजेत." संत्र्याचं झालं की लिंबाचं, लिंबाचं झालं की कलिंगडाचं. तिघं एवढं सरबत प्यायले, की पाळण्यांच्या रांगेपेक्षा स्वच्छतागृहाच्या रांगेत त्यांचा जास्त वेळ गेला. मावशीचा मुलगा म्हणाला, "बाबा, माझ्या पोटात डबडब वाजतंय." तरी बाबांनी त्याला आणखी एक बाटली पाजलीच.

धाकटीच्या कुटुंबाचं मात्र दुपारीच अवघड झालं. कार्डाच्या मागे बारीक अक्षरात लिहिलं होतं, की सवलत फक्त मोठ्या जेवणावर. पाणी, सरबत, आइस्क्रीम यांना लागू नाही. आणि पाण्याच्या बाटलीचा भाव तर विचारूच नका. लिफ्टवाल्याने ते वाचलं आणि कार्ड मुकाट्याने खिशात ठेवलं. "मला मुळात तहान कमी लागते," तो म्हणाला. कपाळावरून घाम निथळत असताना म्हणाला. मुलीने बाबांकडे एकदा नीट पाहिलं. त्यानंतर तिने दिवसभरात पाणी मागितलं नाही.

मावशीला ते कळत होतं. रात्री हॉटेलच्या खोलीत ती नवऱ्याला म्हणाली, "उद्या पोरीला आपल्या बाटलीतले दोन घोट दिले तर?"

"नियम वाचलास का? दुसऱ्याला दिलं तर सगळ्या कुटुंबाचा प्लॅन बंद. भरलेले पैसे पाण्यात. असलं काही झालं तर मला सांगायला येऊ नकोस."

ती गप्प बसली. ती आधीही अशीच गप्प बसत असणार, कारण तिला ते सहज जमलं.

दुसऱ्या दिवशी ऊन कालच्यापेक्षा कडक होतं. घसरगुंडीवरून उतरलेल्या मुलीचे ओठ सुकले होते. मावशीचा मुलगा मनाने मोकळा, त्याला नियम-बियम ठाऊक नव्हते. त्याने मला तिच्या हातात दिलं. "जा, भरून आण. आणि आधी तूच पी."

ती मला छातीशी धरून पळाली. वाटेत माझ्याशीच बोलत होती, "आधी कलिंगड, का आधी लिंबू?" मित्रांनो, इतक्या हातांनी मला धरलं, पण इतक्या आवडीने कुणी धरलं नव्हतं. सरबताच्या यंत्राखाली तिने मला ठेवलं आणि वाट बघत उभी राहिली. माझ्या बुडाच्या चकतीबरोबर मनगटाचा पट्टाही यंत्राला दाखवावा लागतो, हे तिला कुठून माहीत असणार? तिच्या मनगटावर काही नव्हतंच.

तेव्हा मी ओरडले. म्हणजे यंत्र ओरडलं, पण ते माझ्या चकतीमुळे. टीं टीं टीं टीं! वर लाल दिवा लागला. मागची सगळी रांग मान वाकडी करून बघायला लागली. मला तोंड बंद करता येत नव्हतं. एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि अजून तर पुढचं व्हायचं होतं.

यंत्रापाशी टोपी घातलेली एक बाई उभी होती. ती काही दुष्ट नव्हती. "कुणाची गं ही बाटली?" तिने विचारलं.

"माझ्या मावशीची. ती बघा, ती!" मुलीने आनंदाने बोट दाखवलं.

मावशी तिघांच्या जेवणाचं ताट घेऊन जवळूनच चालली होती. टोपीवालीने हाक मारली, "मॅडम, ही मुलगी तुमच्याबरोबरची आहे का? बाटली तुमच्या प्लॅनवर दाखवतेय. नाही, मला काय करायचंय, पण वर कॅमेरा आहे. तुमच्यातली असेल तर मला लिहून द्यावं लागेल, मग प्लॅन बंद होईल."

मावशीने एकदा लाल दिव्याकडे पाहिलं. एकदा दूर टेबलाशी बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं.

"नाही हो," ती म्हणाली. "आमच्यातली नाही ही."

"ही तर तुम्हाला मावशी म्हणतेय."

"लहान मुलं काय, कुणालाही मावशी म्हणतात. बाटली टेबलावर राहिली असेल आमची."

माझ्यातलं उरलंसुरलं सरबतसुद्धा गोठलं असेल. मुलीचं बोट अजून वरच होतं. तिने ते हळूहळू खाली घेतलं.

टोपीवाली खाली वाकली. "बाळा, दुसऱ्याची वस्तू अशी उचलायची असते का?"

मला वाटलं, आता ही रडेल. आता भोंगा वाजेल आणि सगळ्या पार्कला ऐकू जाईल. ती मावशीकडे बघत राहिली. मावशीची नजर पुन्हा नवऱ्याच्या टेबलाकडे गेली. ते तिला दिसलं.

"चुकलं," मुलगी म्हणाली. "टेबलावर होती, म्हणून घेतली."

आणि रांगेतल्या सगळ्या लोकांसमोर ती चोर ठरून निघून गेली. टोपीवालीने मला पुसून मावशीच्या ताटात ठेवलं. "सांभाळा मॅडम, फार गर्दी असते."

संध्याकाळी मावशीने मुलीला दुकानात नेलं. टोपी घे, बाहुली घे, चष्मा घे. मुलगी सगळ्याला मान हलवत होती. दुकानात दोघीच उरल्यावर तिने हळूच विचारलं, "मावशी, त्यांनी प्लॅन बंद नाही ना केला?" मावशीने उगाच तीन टोप्या विकत घेतल्या.

घरी आल्यावर फरशीवाल्यांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं. "एवढा खर्च केलाय, दिसू दे चारचौघांना." दोन-चार दिवस मी तिथे मिरवले. मावशी मात्र कपाटासमोरून जाताना दुसरीकडे बघायची. एका दुपारी तिने मला बाहेर काढलं, दाभणाने झाकणाला भोकं पाडली आणि बाल्कनीत आणून ठेवलं. नवऱ्याने विचारलं तर म्हणाली, "झाडांना हवी होती." मला वाईट वाटलं नाही. काचेत उभं राहून हसणं मलाही जड जात होतं.

पुढच्या सुट्टीत मुलगी राहायला आली. पूर्वी या घरात आली, की ती चपला काढायच्या आधी फ्रिज उघडायची म्हणे. मावशीच्या पर्समधून पिना काढायची, काकांच्या ताटातला पापड पळवायची. आता ती खुर्चीच्या कडेला बसत होती. जेवताना वाढलं तेवढंच खात होती. "किती शहाणी झालीय," काका म्हणाले. मावशी उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी माझ्यातून कुंड्यांना पाणी घालत होती. मुलगी बाल्कनीच्या दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, पाणी घेऊ का?"

मावशीचा हात तसाच राहिला. मी वाकडीच होते, कुंडी भरून पाणी फरशीवर वाहायला लागलं.

"अगं, पाणी काय विचारून घेतात? तुझंच घर आहे हे."

"विचारलेलं बरं असतं ना."

मावशी ओल्या फरशीवरच बसली. मला तिने मांडीवर धरलं होतं. "त्या दिवशी मी खोटं बोलले," ती म्हणाली. "घाबरले. तुझ्या काकांना घाबरले, प्लॅनला घाबरले, कशाकशाला घाबरले कुणास ठाऊक. तू माझी आहेस असं म्हणायला हवं होतं मला. आज तुझ्या आईला फोन करून सगळं सांगते."

एवढं होईपर्यंत शांत असलेली ती पोर एकदम घाबरली. तिने धावत येऊन मावशीचा हात धरला. "नको, मावशी! आईला नको सांगूस. आई बाबांना सांगेल. बाबांना वाटेल, आपण कार्ड घेतलं म्हणूनच असं झालं."

म्हणजे इतके महिने तिने हे पोटात ठेवलं होतं ते यासाठी. मावशीने तोंडाला पदर लावला. मग ती उठली, स्वयंपाकघरात गेली, माठातलं गार पाणी पेल्यात भरून घेऊन आली आणि तिने तो मुलीच्या हातात दिला. मुलगी सगळं पाणी एका दमात प्यायली. तिने पेला दोन्ही हातांनी परत दिला.

"थँक्यू, मावशी," ती म्हणाली.

मावशीला कधी कुणी थँक्यू म्हणतं का हो, मित्रांनो?

माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी संपवताना 'आम्हाला जपा' असं सांगतात. मी काय सांगू? मी प्लॅस्टिकची. पडले तर टणकन उडते आणि परत उभी राहते. तुम्ही सहलीला जाल तेव्हा प्लॅन घ्या नाहीतर कार्ड घ्या, थोडंफार फसायला दोन्हीत होतं. पण घ्याल ते सगळ्यांचं मिळून एकच घ्या, आणि नको म्हणणाऱ्याला पुन्हा एकदा विचारा. आणि कधी भर गर्दीत लाल दिवा लागला, कुणी तुमच्या माणसाकडे बोट दाखवून विचारलं, 'ही तुमच्यातली का?', तर आधी 'हो' म्हणा. बंद होईल ते होऊ दे. तेवढं मात्र लगेच म्हणा, कारण ते नंतर म्हणून चालत नाही.