उजवीकडचा वरचा कोपरा

सासऱ्यांनी पेन्सिलीचं टोक कॉम्प्युटरच्या पडद्यावर टेकवलं आणि सुनेचा हात माउसवर थांबला.

"इथं कापू नकोस. पुढे जाऊ दे."

"पुढे काही नाही, बाबा. नेट गेलं, मी मेले, खेळ संपला."

"तेच दाखव."

"हरलेलं कोण बघतं?"

"दोनशे ट्रेलर येणार म्हणालीस ना? दोनशे जणी बंदुका उडवत जिंकणार. बघणाऱ्याला झोप लागेल."

भिंतीवरच्या घड्याळात पावणेपाच झाले होते. सहाच्या आत सुनेच्या खेळाचा एक मिनिटाचा ट्रेलर बायकांच्या गेमिंग स्पर्धेच्या आयोजकांकडे पोचायला हवा होता. सून रोज संध्याकाळी पाच ते सात कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायची आणि लोक आपापल्या घरी बसून तो थेट बघायचे. शंभर जण एका बेटावर उतरतात, शेवटी एकच जिवंत उरतो, असा तो खेळ. चॅनलचं नाव तिने 'आडवी मांजर' ठेवलं होतं. बघणारे शे-सव्वाशे जमायचे, पण ऐन रंगात नेट जायचं आणि ते पांगायचे. महिन्यापूर्वी नवऱ्याने जेवता जेवता सांगून टाकलं होतं, या स्पर्धेत निवड झाली तर खेळ, नाहीतर कॉम्प्युटर विकू आणि तू पुन्हा दुकानाच्या काउंटरवर उभी राहा. तिने मान डोलावली होती. कॉम्प्युटर बघायला रविवारी एक माणूस येणार होता, तेही ठरून गेलं होतं.

ट्रेलर बनवायला तिने एक फुकटची वेबसाइट शोधली होती. "फुकट ते पौष्टिक," असं सासरे म्हणाले खरे, पण अटी ऐकल्यावर गप्प झाले. तुकडे तिथे नेऊन जोडायचे, मात्र तयार फाईल दिवसातून एकदाच मिळणार. मध्येच नेट गेलं तर ती पाळी वाया, मग उद्या या. शिवाय चित्राच्या एका कोपऱ्यात वेबसाइटचा शिक्का बसणार.

"कोपरा आपण निवडायचा," तिने वाचून दाखवलं होतं. "शिक्का मोठा करता येतो, लहान करता येत नाही."

"हुशार आहेत लेकाचे. यांचं चालेल."

सासऱ्यांनी तीस वर्षं सिनेमा थिएटरात मशीन चालवलं होतं. थिएटर पडून तिथे गाड्या उभ्या राहू लागल्या तरी गल्लीत त्यांना सगळे ऑपरेटरच म्हणत. एक रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका उमटायचा, पापणी लवेपर्यंत. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. चुकला तर पडदा पांढरा आणि खाली शिट्ट्या. तेव्हापासून कुठल्याही चित्रात त्यांची नजर आधी त्या कोपऱ्यात जायची. बायको लग्नाचा फोटो दाखवायची तेव्हासुद्धा. "एका नटीचा चेहरा धड बघितला नाही मी," ते सांगायचे. "त्यांच्या डोक्यावरचं आभाळ तेवढं पाठ आहे."

तरी ट्रेलरला चेहराच हवा, हे म्हणणं त्यांचंच. "बेट दोनशे जणींचं सारखं. तोंड तुझं एकटीचं." म्हणून आज तिने समोरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग उघडलं होतं. नेट गेलं तरी ते कॉम्प्युटरमध्ये साठत राहायचं.

"दाखव की," ते म्हणाले.

ती जरा वेळ हलली नाही. मग तिने बटण दाबलं.

पडद्यावर ती कानांवर हेडफोन लावून बसलेली. मागे खोलीचं दार उघडं. लावलं की कोंदट होतं म्हणून ती ते कधी लावत नसे. दाराबाहेर बोळ आणि बोळातल्या फळीवर नेटचा डबा. चित्रात तो उजवीकडे, वर यायचा.

ऑपरेटरांनी तिथेच बघितलं. दारात एक निळी बाही आली. हात फळीकडे गेला, स्विचपाशी थोडा रेंगाळला. मनगटावर घड्याळ होतं, तबकडी आतल्या बाजूला. डब्याचा हिरवा दिवा विझला आणि हात निघून गेला. "गेलं," असा सुनेचा आवाज आला. मग हेडफोन टेबलावर ठेवल्याचा. मग थोड्या वेळाने, "चला, परत."

तबकडी आत ठेवायची सवय ऑपरेटरांची. केबिनच्या अंधारात मशीनवरचा हात न काढता वेळ दिसायची. मुलगा सात वर्षांचा असताना त्यानेही खेळण्यातलं घड्याळ तसंच बांधायला सुरुवात केली होती. निळा शर्ट त्याच्या गोदामाचा. साडेपाचला तो घरी यायचा.

"नेट गेलेलं अजून आहे?"

"आहे."

"लाव."

दुसऱ्या तुकड्यातही तो हात होता. तिसऱ्यात तो घाईत होता, स्विच दाबून मागे फिरताना फळीवरची किल्ली खाली पडली आणि तशीच राहिली. ऑपरेटरांनी पेन्सिल खिशात ठेवली. सून पुढे बघत होती. ते बोलेपर्यंत तिने त्यांच्याकडे मान वळवली नाही.

"हे तिन्ही घे," ते म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "हेडफोन काढतेस, परत घालतेस, 'चला, परत' म्हणतेस. ते तीनदा लाव. मध्ये बेट, बंदुका, काय घालायचं ते घाल."

"तिन्ही?"

"का गं, नको?"

"घेते."

तिने भराभर जोडलं. हात सराईत होता, पण एक तुकडा दोनदा चुकीच्या जागी पडला. ऑपरेटर शेजारी बसून राहिले. तिला सांगावं तर आत्ता, या घाईत? आणि सांगायचं तरी काय, तुझ्या नवऱ्याचा हात आहे म्हणून?

"शिक्का खाली डावीकडे टाक," ते म्हणाले. "तिथं कोणी बघत नाही."

"बघते मी, बाबा. तुम्ही चहा घ्या, गार झाला."

पाच वाजून एकतीस मिनिटांनी तिने शेवटचं बटण दाबलं. पडद्यावर एक बारीक रेघ आली आणि मुंगीच्या पावलाने सरकू लागली.

"वीस मिनिटं म्हणतोय," ती म्हणाली. "आता फक्त नेट टिकायला हवं." तिने मागे दाराकडे बघितलं. "दार लावू?"

"राहू दे."

ऑपरेटर उठले. कोपऱ्यातलं स्टूल उचलून बोळात आले आणि फळीला पाठ लावून बसले. डब्याची ऊब मानेला लागत होती.

पाच-सात मिनिटांनी कुलूप वाजलं. मुलगा आत आला, चपला काढल्या आणि वर बघून थबकला.

"बाबा? इथं काय करताय?"

"बसलोय."

"खोलीत बसा की."

"खोलीत उकडतं."

"इथं तर अजिबात वारा नाही."

"वाऱ्यानं कान दुखतो."

मुलगा हसला नाही. त्याने दारातून आत बघितलं. सून पाठमोरी होती, रेघेवर डोळे लावून. ती वळली नाही.

"चाललंय का अजून?"

"फाईल जातेय. शेवटची."

"डब्याचा दिवा लाल दिसतोय. बंद करून चालू करायला लागेल."

"हिरवा आहे."

"बघू तर."

"बघितलाय मी. जन्मभर दिवेच बघितलेत."

मुलाचा हात त्यांच्या खांद्यावरून पुढे आला. ऑपरेटरांनी तो मनगटाशी धरला.

"किती वाजले रे?"

"समोर घड्याळ आहे, बाबा."

"लांबचं दिसत नाही." त्यांनी मनगट उलटं करून तबकडी डोळ्यांजवळ नेली. "पाच चाळीस."

त्यांनी मनगट सोडलं नाही. मुलानेही ओढलं नाही. आत माउस एकदा वाजला आणि दोघांचे हात एकदमच ताठरले.

"शंभर लोक रोज तिला समोरून बघतात," मुलगा खालच्या आवाजात म्हणाला. "मी दिवसभर खोकी उचलून घरी येतो, तेव्हा मला पाठ दिसते. रोज."

ऑपरेटर त्याच्या मनगटावरच्या पट्ट्याकडे बघत राहिले. पट्टा घामाने काळा पडला होता.

"मग पुढून जायचं," ते म्हणाले.

मुलगा त्यांच्या शेजारी जमिनीवर बसला. शाळेतल्या पोरासारखा एक हात वर, बापाच्या हातात. कोणी बघितलं असतं तर हसलं असतं.

"मिळाली," आतून सून म्हणाली. "पाठवते."

ऑपरेटर जागचे हलले नाहीत. "पोचल्याचं सांग."

कळफलक खडखडला. मग बराच वेळ काही नाही. "पोचली. पाच चोपन्न."

तेव्हा त्यांनी हात सोडला. मनगटावर बोटांचे पांढरे वळ होते. मुलाने ते दुसऱ्या हाताने चोळले आणि बापाला स्टुलावरून उठवलं.

"बघू दे तरी काय केलंय," तो आत जात म्हणाला.

सुनेने ट्रेलर लावला. बेट आलं, आगीचे लोळ आले, आणि मग तिचा चेहरा. वर उजव्या कोपऱ्यात वेबसाइटचा काळा चौकोन बसला होता, पार खांद्यापर्यंत उतरलेला. दार त्याखाली गेलं होतं. फळी, डबा, बोळ, सगळंच.

"शिक्का केवढा हा," मुलगा म्हणाला. "अख्खं दार झाकलंय."

"फुकटचं आहे."

"लहान नसता झाला?"

"लहानच होता," ती म्हणाली. "मी मोठा केला."

मुलाने घड्याळाचा पट्टा सोडला. लावायला गेला तर कडीत जाईना. ट्रेलर संपला. तिघेही काळ्या पडद्याकडे बघत होते.

"परत लाव," शेवटी मुलगा म्हणाला. तो पुढे सरकून टेबलाच्या कडेला टेकला, जिथून पडदाही दिसत होता आणि तीही.

ऑपरेटरांची नजर सवयीने कोपऱ्यात गेली. तिथे बघायला काही ठेवलेलं नव्हतं. ती नाइलाजाने खाली उतरली आणि मधोमध आली. सुनेच्या डाव्या भुवईत एक जुनी खोक होती. इतक्या वर्षांत त्यांना ती माहीत नव्हती.

पडद्यावर तिसऱ्या वेळी नेट गेलं तेव्हा तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले होते. किल्ली पडल्याचा आवाज आला आणि तिची मान वळता वळता थांबली. डोळे समोर ठेवून ती नुसती बसून राहिली, मागे कोणी चुकून खोलीत आलेलं असावं आणि त्याला न ओशाळता निघून जाता यावं, तेवढा वेळ.

मग तिने हेडफोन चढवले.

"चला," ती म्हणाली, "परत."