डुकरांचं बिल

तीन हिवाळे ती माणसं डुकरांवर भांडत होती, आणि का भांडत होती, हे श्रीरंग डोंगरेला काही केल्या सांगता येईना.

माणसं आजची नव्हेत बरं का. कॅनडाकडच्या एका इंग्रजी वसाहतीचं विधिमंडळ, साल अठराशे चोवीसच्या आगेमागे. श्रीरंग जर्मनीत हायडेलबर्गला त्यावर प्रबंध लिहीत होता. विधिमंडळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गर्जना करणारे पुढारी येत असतील, तर ते आधी पुसून टाका. इथला रोजचा कारभार म्हणजे ओढ्यावरचा पूल, होडीचा ठेका, लांडगा मारणाऱ्याला बक्षीस, आणि गावात मोकाट हिंडणारी डुकरं. श्रीरंगला ह्याच गोष्टींचं वेड होतं. लढाया आणि तह लिहायला अख्खं जग बसलंय, डुकरांना कोण वाली, असं तो म्हणायचा, आणि म्हणताना त्याचे डोळे चमकायचे.

पण त्याच्या प्राध्यापकांचे डोळे काही चमकेनात. लिंडनर हे उंच, सडपातळ गृहस्थ. बोलायला मोजके, पण बोलले की समोरच्याचं अवसान गळायचं. त्यांनी श्रीरंगची दोन वर्षांची टिपणं चाळली आणि जर्मन रिवाजाप्रमाणे नावाआधी 'हेर', म्हणजे श्रीयुत, लावून म्हणाले, "हेर डोंगरे, त्यांनी काय केलं ते तुम्ही सांगता. का केलं ते सांगत नाही. शहाणीसुरती माणसं तीन हिवाळे डुकरांवर का भांडली, एवढं मला येत्या गुरुवारी वर्गात पटवा. नाही पटलं, तर विषय बदला."

विषय बदला! म्हणजे दोन वर्षं पाण्यात. शिष्यवृत्ती ह्या उन्हाळ्यात संपत होती, आणि मग मिरजेला हात हलवत परत जायचं. श्रीरंग घरी आला तो जेवलाच नाही. त्याची बायको सुलेखा रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत संशोधन करायची, तिला अडलेल्या प्रयोगांची सवय होती. तिने त्याला आधी पिठलं-भात खायला घातला आणि मग उपाय सांगितला. अहो, वाचून दाखवू नका, म्हणाली, सभाच भरवा. एका दिवसाचं कामकाज जसंच्या तसं करून दाखवा. आणि त्या वर्गातल्या जर्मन मुलांना घेऊ नका, ती हात वर करून आपली पाळी यायची वाट बघतात. भांडायला आपलीच माणसं हवीत.

श्रीरंग एकदम उठून उभाच राहिला. त्याच आठवड्यात बॉबलिंगेन गावची दोन मराठी मुलं इथे मुक्कामाला होती, श्यामकांत तर शेजारच्याच गल्लीत राहायचा, आणि हॅनोव्हरहून आत्माराम येणार होता. हा आत्माराम यंत्रांवर प्रबंध लिहिणारा, कृष्णाकाठच्या एका गावचा, वडील तिथल्या वाचनालयाचे चिटणीस. सगळे हौसेने तयार झाले. कुणी गिरणीवाला झाला, कुणी व्यापारी. आत्मारामला श्रीरंगने शेतकरी केलं, तोही गव्हर्नरच्या कृपेने जमीन मिळालेला. बोलणं जर्मनमधून करायचं, एवढीच अट होती.

गुरुवारी वर्ग फुलून गेला. सभापतीच्या खुर्चीवर खुद्द लिंडनरना बसवलं होतं. कामकाजात विषय तीन. पहिला, मागील बैठकीचं इतिवृत्त वाचून कायम करणे. दुसरा, डुकरांचं बिल. तिसरा, गव्हर्नरसाहेबांच्या बंगल्याचं वाढीव काम वसाहतीच्या खर्चाने मंजूर करणे. श्रीरंगचा बेत सरळ होता. पहिला विषय चुटकीसरशी उरकायचा, डुकरांवर थोडी गंमत, बंगल्यावर हात वर, आणि मग आपलं विवेचन. सहा वाजता त्याच खोलीत गायनमंडळाची तालीम असायची, त्यामुळे वेळ बेताचाच होता.

श्रीरंगने इतिवृत्त वाचलं. लिंडनरनी विचारलं, मंजूर? आणि श्यामकांत उभा राहिला.

त्याची हरकत होती. मागच्या बैठकीला तो हजर होता असं लिहिलंय, पण तो नव्हता. आता मागची बैठक अठराशे चोवीस सालची. श्यामकांतचे पणजोबासुद्धा तेव्हा पाळण्यात नसतील! श्रीरंगने त्याला डोळे वटारले. पण मराठी माणसाला सभेत उभं करा आणि इतिवृत्त विनाहरकत मंजूर करून घ्या बघू. ते रक्तातच नाही. बॉबलिंगेनच्या एकाने श्यामकांतला अनुमोदन दिलं, दुसऱ्याने अनुमोदन नियमात बसत नाही म्हणून हरकत घेतली, आणि जर्मन विद्यार्थी पुढे सरकून बसले.

कसेबसे सगळे डुकरांपर्यंत पोचले, तर आत्माराम उठला. त्याला आधी हे हवं होतं, की डुक्कर म्हणजे नक्की काय. पिल्लू धरायचं की नाही? गाभण डुकरीण आपल्याच दारात आडवी झाली तर ती मोकाट की घरची? एकेक उपसूचना तो इतक्या गंभीर चेहऱ्याने मांडत होता, की कुणाला वाटावं ह्याचा प्रपंच डुकरांवरच चाललाय. बाकीच्यांनाही चेव चढला. गिरणीवाला टेबलावर मुठी आपटू लागला, व्यापारी सभात्याग करून दारापर्यंत गेला आणि कुणी बोलवत नाही असं बघून परत आला. जर्मन भाषा केव्हाच मागे पडली होती, मधूनमधून एखादं गेनाऊ, म्हणजे 'अगदी बरोबर', तेवढं ऐकू यायचं. मागच्या बाकावर सुलेखा पदर तोंडाला लावून हसत होती. आणि लिंडनर? ते लाकडी हातोडा आपटून आपटून लाल झाले होते. त्यांना पिल्लाच्या उपसूचनेपर्यंतचंच कळलं होतं, तेव्हा शेवटी स्वतःच ओरडले, की पिल्लाला सभागृहाने अजून डुक्कर मानलेलं नाही!

श्रीरंगला मात्र घाम फुटला होता. घड्याळ पळत होतं आणि विवेचन खिशातच राहिलं होतं. तो आत्मारामच्या कानाशी गेला, अरे बाबा आटप, माझं वाटोळं होतंय, म्हणाला. आत्मारामने फक्त मान डोलावली आणि कुंपणाच्या उंचीवर नवी उपसूचना मांडली.

तेवढ्यात दार उघडलं. गायनमंडळी आली होती. सहा वाजले.

संपलं सगळं. लिंडनरनी बैठक तहकूब केली. श्रीरंगचा संताप अनावर झाला. त्याने भर वर्गात आत्मारामचा दंड धरला.

"का केलंस असं? तुला डुकरांचं काय पडलं होतं?"

"डुकरांचं कुणाला पडलंय?" आत्माराम शांतपणे म्हणाला. "पुढचा विषय गव्हर्नरच्या बंगल्याचा होता ना? जमीन त्याने दिलेली. तोंडावर नाही कसं म्हणणार? आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष डॉक्टर आहेत, गावातलं एक घर नाही जिथे त्यांनी फुकट औषध दिलं नाही. त्यांना दिवाणखान्यात लावतात तसली स्वतःच्या वडिलांची मोठी तसबीर वाचनालयात लावायचीय. आता नाही म्हणायची कुणाची छाती आहे? म्हणून आम्ही दरवर्षी इतिवृत्तावर भांडतो. भजनी मंडळ आलं की सभागृह रिकामं करावं लागतं. तसबीर अजून लागली नाही."

श्रीरंगचा हात सुटला. तीन हिवाळे! तिन्ही वेळा डुकरांच्या पाठोपाठ बंगलाच होता. त्याने तो शेकडो वेळा वाचला होता आणि पुढचं पान उलटलं होतं. तिन्ही वेळा डुकरांवरच दिवस सरले, गव्हर्नरने वैतागून अधिवेशन गुंडाळलं, आणि बंगला होता तेवढाच राहिला. एका माणसानेही नाही म्हटलं नव्हतं. आणि गव्हर्नरला एक वीटसुद्धा चढवता आली नव्हती!

"बंगला!" तो ओरडला, तेही मराठीत. मग भानावर येऊन जर्मनमध्ये, धापा टाकत, हातवारे करत त्याने लिंडनरना सगळं सांगितलं. वसाहत, जमिनी, मिंधेपण, आणि वाचनालयातली न लागलेली तसबीरसुद्धा. गायनमंडळी वह्या छातीशी धरून ऐकत उभी राहिली. त्यांनाही तालमीची आठवण राहिली नव्हती.

हातोडा अजून लिंडनरच्या हातातच होता. जर्मन मुलांनी बाकांवर बोटांनी टकटक सुरू केली, म्हणजे त्यांच्या टाळ्याच त्या, आणि ती वाढत वाढत सगळ्या खोलीभर झाली. सुलेखाचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"तर मग, हेर डोंगरे," लिंडनर अखेर म्हणाले, "विषय मंजूर. इतिवृत्तात तसं लिहा आणि पुढच्या गुरुवारी वाचून दाखवा."

श्रीरंगने खिशातलं विवेचन काढलं आणि त्याच्याच पाठीवर 'विषय मंजूर' असं लिहून घेतलं.

लिंडनर दारापर्यंत गेले आणि वळले. त्यांचा चेहरा अगदी गंभीर होता.

"आणि सगळ्यांनी वेळेवर या," ते म्हणाले. "त्या इतिवृत्तावर माझी हरकत आहे."